तरमणी ते ‘स्वयं’ : चेन्नईतील तंत्रशिक्षक-प्रशिक्षणाची वाटचाल

चेन्नईच्या दक्षिण भागात गिंडी, अड्यार आणि तरमणी या परिसरांत तांत्रिक शिक्षणाच्या व संशोधनाच्या संस्था ज्या दाटीने वसलेल्या आहेत, तशी दाटी देशातील फार थोड्या शहरांत आढळते. १७९४ मधील सर्वेक्षण शाळेपर्यंत ज्याची मुळे पोहोचतात ते गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सहकार्याने स्थापन झालेली आयआयटी मद्रास ही त्यांतील सर्वांत परिचित नावे होत. या दोहोंच्या शेजारी, तरमणीत, १९६४ मध्ये ‘टेक्निकल टीचर्स ट्रेनिंग इन्स्टिट्यूट’ म्हणजे तंत्रशिक्षक प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तंत्रशिक्षणाच्या वर्तुळात ती ‘टीटीटीआय’ या आद्याक्षरांनीच ओळखली गेली आणि २००३ मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळाल्यावर तिचे ‘एनआयटीटीटीआर’ असे नामांतर झाले. वर्गात नवे साधन आणायचे तर ते कोणी, कोणत्या तयारीने आणि कोणाच्या आधाराने आणायचे, हा प्रश्न या संस्थेच्या कामाच्या केंद्रस्थानी राहिला आहे. त्याच प्रश्नाचे दुसऱ्या टोकाकडून दिलेले उत्तर म्हणजे आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने आकाराला आलेला ‘एनपीटेल’ हा व्याख्यान-चित्रफितींचा कार्यक्रम असल्यामुळे, तरमणीच्या संस्थेचा इतिहास या शेजाऱ्याला वगळून सांगता येत नाही.

संस्थेच्या स्थापनेमागची गरज अगदी व्यावहारिक होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या पंचवार्षिक योजनांच्या काळात धरणे, पोलाद कारखाने, वीजकेंद्रे आणि यंत्रनिर्मिती यांसाठी पर्यवेक्षक आणि तंत्रज्ञ मोठ्या संख्येने लागणार होते. त्यासाठी राज्याराज्यांत तंत्रनिकेतने, म्हणजे शालान्त परीक्षेनंतर पदविका देणाऱ्या संस्था, उघडल्या जात होत्या. या तंत्रनिकेतनांत शिकवायला येणारा अधिव्याख्याता अभियांत्रिकीची पदवी घेतलेला असे. परंतु शाळेतील शिक्षकाला बी.एड.मधून जे अध्यापनशास्त्र मिळते त्याच्याशी या अधिव्याख्यात्याचा कधीच संबंध आलेला नसे. विषय येतो म्हणजे शिकवताही येते, अशी या व्यवसायातील जुनी समजूत होती. ती पुरेशी नाही हे शासनाने मान्य केले आणि मद्रास, कलकत्ता, भोपाळ व चंदीगड या चार ठिकाणी १९६४ ते १९६७ या काळात प्रादेशिक संस्था उभ्या राहिल्या. दक्षिणेकडील राज्ये मद्रासच्या वाट्याला आली, तर महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या कार्यक्षेत्रात गेले. त्यामुळे मराठी तंत्रशिक्षकांच्या दोन पिढ्यांनी भोपाळची वाट धरली आणि मद्रासच्या संस्थेचे काम महाराष्ट्रात तुलनेने अपरिचित राहिले.

आरंभीच्या दशकांत येथे दीर्घ मुदतीच्या अभ्यासक्रमांवर भर होता. तासाची उद्दिष्टे कशी लिहावीत, म्हणजे तास संपल्यावर विद्यार्थ्याला नेमके काय करता आले पाहिजे हे आधीच कसे ठरवावे; प्रात्यक्षिकाचे मूल्यमापन केवळ वहीवर न करता कृतीवर कसे करावे; प्रश्नपत्रिकेत पाठांतराचे आणि उपयोजनाचे प्रश्न कोणत्या प्रमाणात असावेत, हे आज सर्वमान्य वाटणारे विषय त्या काळी अभियंत्यांना सर्वस्वी नवे होते. यांपैकी सर्वांत दूरगामी ठरलेली गोष्ट म्हणजे सूक्ष्म-अध्यापन होय. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात विकसित झालेल्या या पद्धतीत प्रशिक्षणार्थी पाच-दहा मिनिटांचा छोटा पाठ मोजक्या विद्यार्थ्यांसमोर किंवा सहकाऱ्यांसमोर घेतो, त्यात प्रश्न विचारणे, उदाहरण देणे, फलकलेखन यांसारख्या एकाच कौशल्याचा सराव करतो, त्यावर अभिप्राय घेतो आणि तोच पाठ सुधारून पुन्हा घेतो. या अभिप्रायासाठी बंद परिपथ दूरचित्रवाणीचा, म्हणजे एकाच इमारतीतील कॅमेरा आणि पडदा यांना जोडणाऱ्या यंत्रणेचा, उपयोग करणाऱ्या भारतातील पहिल्या काही संस्थांमध्ये मद्रासच्या टीटीटीआयचे नाव शिक्षक-शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांत येते.

या घटनेचे महत्त्व यंत्राच्या नावीन्यापेक्षा त्याच्या दिशेत आहे. कॅमेरा येथे शिक्षकाकडे वळवलेला होता आणि त्यात टिपलेले चित्र पाहणाराही शिक्षकच होता. आपण फळ्याकडे तोंड करून किती वेळ बोलतो, प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहतो की स्वतःच उत्तर देऊन टाकतो, मागच्या बाकावरील विद्यार्थी आपल्या दृष्टीत येतो की नाही, हे अधिव्याख्यात्याला प्रथमच स्वतःच्या डोळ्यांनी दिसले. तंत्रज्ञान वर्गात आणण्यापूर्वी ते शिक्षकाच्या स्वतःच्या शिकण्याचे साधन झाले पाहिजे, हा विचार येथे कोणतीही घोषणा न करता रुजला. पुढील दशकांत शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या ज्या योजनांनी तो ध्यानात ठेवला त्यांना यश आले आणि ज्यांनी तो सोडला त्यांची साधने धूळ खात पडली, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

अध्यापनाच्या प्रशिक्षणाबरोबरच तंत्रनिकेतनांच्या अभ्यासक्रमांची फेररचना, शिक्षकांसाठी लेखी व दृक्-श्राव्य साहित्याची निर्मिती आणि १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या साह्याने राबवलेल्या तंत्रज्ञ-शिक्षण प्रकल्पांना मार्गदर्शन ही कामेही संस्थेकडे आली. हैदराबाद, बंगळूर आणि कळमश्शेरी येथे तिची विस्तार केंद्रे निघाली. भारत सरकारच्या ‘आयटेक’ या परराष्ट्र तांत्रिक सहकार्य योजनेखाली, जिचा आरंभही योगायोगाने १९६४ चाच, आशिया-आफ्रिकेतील देशांचे तंत्रशिक्षक येथे प्रशिक्षणासाठी येऊ लागले.

त्याआधी, १९७० आणि १९८० च्या दशकांत, देशात दूरचित्रवाणीद्वारे शिक्षणाचे मोठे प्रयोग झाले. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या उपग्रह प्रयोगातून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचले आणि १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर उच्च शिक्षणासाठी ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केला. ‘साइट’ने शाळाशिक्षकांचे प्रशिक्षण आपल्या आखणीत धरले होते, ही त्याची जमेची बाजू होय. महाविद्यालयीन पातळीवर मात्र कार्यक्रमाची वेळ आणि महाविद्यालयाचे वेळापत्रक यांची सांगड बसली नाही, अध्यापक प्रेक्षकांत जाऊन बसला आणि पडद्यावर जे दिसले ते दुसऱ्या दिवशीच्या तासाशी जोडण्याची जबाबदारी कोणावरच राहिली नाही.

१९९० च्या दशकात तमिळनाडू, आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्र या राज्यांत खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली आणि तिच्या प्रमाणात प्राध्यापक उपलब्ध झाले नाहीत. कालपर्यंत विद्यार्थी असलेला पदवीधर आज त्याच विषयाचा अधिव्याख्याता होत होता. तंत्रनिकेतनांच्या बाबतीत १९६४ मध्ये उभा राहिलेला प्रश्न आता पदवी पातळीवर आणि कितीतरी मोठ्या प्रमाणात उभा राहिला. एकेका तुकडीला तरमणीत बोलावून प्रशिक्षण देण्याची पद्धत या संख्येला पुरी पडणे शक्य नव्हते. १९९९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे पॉल गुडमन यांच्या सहभागाने आयआयटी मद्रासमध्ये आभासी विद्यापीठाच्या कल्पनेवर विचारविनिमय झाला आणि त्यातून जी योजना आकाराला आली तिला २००३ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाचे अर्थसाह्य मिळाले. ‘नॅशनल प्रोग्रॅम ऑन टेक्नॉलॉजी एनहान्स्ड लर्निंग’, संक्षेपाने एनपीटेल, हे तिचे नाव. मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, कानपूर, खरगपूर, मद्रास आणि रुरकी या सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी ती एकत्रितपणे हाती घेतली. आयआयटी मद्रासचे तत्कालीन संचालक एम. एस. अनंत यांचे नेतृत्व आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक मंगल सुंदर कृष्णन यांचे दीर्घ समन्वयकार्य यांचा या कार्यक्रमाच्या घडणीत मोठा वाटा आहे. टीटीटीआयचे एनआयटीटीटीआर झाले तेही २००३ मध्येच.

पहिल्या टप्प्यात स्थापत्य, यंत्र, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार आणि संगणक या पाच शाखा व त्यांना आवश्यक मूलभूत विज्ञाने निवडण्यात आली. साहित्य दोन प्रकारचे होते : संकेतस्थळावर वाचण्याजोगे लिखित पाठ आणि तासाभराच्या सुमारे चाळीस व्याख्यानांत एक संपूर्ण विषय मांडणाऱ्या चित्रफिती. विषयांची विभागणी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नमुना अभ्यासक्रमाशी जुळेल अशी केलेली असल्यामुळे कोणत्याही विद्यापीठातील अध्यापकाला आपल्या पाठ्यक्रमातील घटक त्यात शोधता येत असे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २००१ मध्ये जाहीर केलेल्या खुल्या अभ्यासक्रम-प्रकल्पाशी याची तुलना नेहमी केली जाते; पण त्या प्रकल्पात एका विद्यापीठाने आपल्या वर्गात जे चालते ते जगासमोर ठेवले, तर एनपीटेलने दुसऱ्यांच्या वर्गात जे चालायला हवे त्यासाठी साहित्य तयार केले. हा भेद लहान वाटला तरी मूलभूत आहे.

साहित्य तयार होणे आणि ते पोहोचणे यांत त्या काळी मोठे अंतर होते. जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयात इंटरनेटची जोडणी असलीच तरी तीवरून तासाभराची चित्रफीत पाहणे अशक्यप्राय असे. म्हणून यूट्यूबवरील प्रसारणाबरोबरच महाविद्यालयांना संपूर्ण साहित्य हार्ड डिस्कवर भरून देण्याची व्यवस्था करण्यात आली. ती डिस्क ग्रंथालयातील सर्व्हरवर चढवली की अंतर्गत जाळ्यावरून हवी ती व्याख्याने पाहता येत. नवोदित अधिव्याख्यात्यांना या व्याख्यानांचा फार मोठा आधार मिळाला; एखादे समीकरण कोणत्या क्रमाने मांडावे, कोणत्या ठिकाणी विद्यार्थी अडखळतात आणि तेथे अनुभवी प्राध्यापक काय करतो, हे पाहून ते आपल्या तासाची तयारी करीत. हा उपयोग मात्र प्रत्येकाच्या खासगी उत्साहावर अवलंबून होता. महाविद्यालयाने त्याची कोठे नोंद घ्यावी, विद्यापीठाने त्याला श्रेय द्यावे, अशी सोय नव्हती; आणि या पहिल्या दहा वर्षांतील एनपीटेलची खरी उणीव हीच होती.

ती भरून काढण्याच्या दिशेने २०१४ मध्ये मोठे पाऊल पडले. त्या वर्षी प्रमाणपत्र देणारे ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू झाले. जगभर ‘मूक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे कोणालाही प्रवेश असलेल्या आणि कितीही विद्यार्थ्यांना सामावून घेणाऱ्या, अभ्यासक्रमांचा हा भारतीय अवतार चार, आठ किंवा बारा आठवड्यांचा असतो. तासाभराच्या व्याख्यानांची जागा लहान चित्रफितींनी घेतली, दर आठवड्याला मुदतबंद स्वाध्याय आले आणि शंका विचारण्यासाठी चर्चापीठ मिळाले. नोंदणी विनामूल्य ठेवण्यात आली. परीक्षा मात्र ऐच्छिक, सशुल्क आणि नेमलेल्या केंद्रावर पर्यवेक्षकासमोर द्यावयाची. अंतिम गुणांत स्वाध्यायांना २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वाटा देण्यात आला. घरबसल्या मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर भारतीय विद्यापीठे व उद्योग विश्वास ठेवण्यास कचरत असताना प्रत्यक्ष परीक्षेचा आग्रह धरणे खर्चिक आणि कष्टाचे होते. पण पुढे या अभ्यासक्रमांना श्रेयांक मिळू शकले ते या आग्रहामुळेच. आयआयटी मद्रासचे अँड्र्यू थंगराज आणि प्रताप हरिदोस या प्राध्यापकांनी या टप्प्यावर समन्वयाची धुरा सांभाळली.

या नव्या रचनेतील सर्वांत कल्पक भाग म्हणजे ‘लोकल चॅप्टर’, म्हणजे महाविद्यालयातील स्थानिक शाखा. महाविद्यालयाने एका अध्यापकाला संपर्क-समन्वयक म्हणून नेमायचे, त्याने सत्रारंभी आपल्या अभ्यासक्रमाशी जुळणारे ऑनलाइन विषय निवडून विद्यार्थ्यांना सुचवायचे आणि एकेका विषयासाठी त्या विषयाच्या जाणकार सहकाऱ्याला मार्गदर्शक म्हणून पुढे आणायचे, अशी ही व्यवस्था आहे. मार्गदर्शक स्वतः त्या अभ्यासक्रमात नाव नोंदवतो, आपल्या गटातील विद्यार्थी स्वाध्याय वेळेवर देतात की नाही हे पाहतो आणि अडलेल्या ठिकाणी वर्गात किंवा प्रयोगशाळेत बसून समजावतो. खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव नोंदवणाऱ्यांपैकी फार थोडे ते पूर्ण करतात, हा जगभरचा अनुभव आहे. त्याचे एक कारण शिकणाऱ्याचे एकटेपण हे होय. स्थानिक शाखेने त्या एकटेपणावर उपाय म्हणून आणखी एखादे सॉफ्टवेअर न आणता शेजारच्या खोलीत बसणारा अध्यापक आणला. ज्या अध्यापकाला बाजूला सारून ज्ञान थेट विद्यार्थ्यापर्यंत न्यावे असा पहिल्या पिढीतील ऑनलाइन शिक्षणाचा सूर होता, त्याच अध्यापकाला एनपीटेलने सन्मानाने परत बोलावले, आणि हा निर्णय या कार्यक्रमाच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा मानला पाहिजे.

त्यास जोड मिळाली ती अध्यापकांच्या स्वतःच्या शिक्षणाची. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने निवडक एनपीटेल अभ्यासक्रमांना ‘फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम’, म्हणजे अध्यापक-विकास कार्यक्रम, म्हणून मान्यता दिली आणि आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम एका कार्यक्रमाच्या तोडीचा ठरवला. पूर्वी अशा कार्यक्रमासाठी रजा, प्रवास आणि विभागप्रमुखाची परवानगी या तिन्हींची जुळवाजुळव करावी लागे. लहान गावातील महाविद्यालयांत, आणि घरची जबाबदारी सांभाळून नोकरी करणाऱ्या अध्यापिकांच्या बाबतीत विशेषच, ती जमत नसे. आता विद्यार्थी आणि अध्यापक एकाच अभ्यासक्रमात, एकाच परीक्षेला बसू लागले.

९ जुलै २०१७ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयं’ या राष्ट्रीय मंचाचे उद्घाटन झाले आणि शाळेपासून विद्यापीठापर्यंतचे ऑनलाइन अभ्यासक्रम एका छत्राखाली आले. त्यासाठी नेमलेल्या नऊ राष्ट्रीय समन्वयक संस्थांपैकी दोन चेन्नईच्या परंपरेतील आहेत : अभियांत्रिकीसाठी एनपीटेल आणि शिक्षक-प्रशिक्षणासाठी तरमणीची एनआयटीटीटीआर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीने एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयं’वरून पूर्ण करण्यास मुभा दिली होती; २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर गेली. श्रेयांक देण्याचा अधिकार महाविद्यालयाकडे राहिल्यामुळे कोणता अभ्यासक्रम आपल्या पाठ्यक्रमाशी समकक्ष आहे हे ठरवण्याचे शैक्षणिक काम पुन्हा तेथील अध्यापकांकडेच आले.

तंत्रशिक्षण परिषदेने नव्याने रुजू होणाऱ्या अध्यापकांसाठी आखलेल्या ‘एनआयटीटीटी’ या उपक्रमाचे आठ घटक तरमणीच्या संस्थेच्या सहकार्याने ‘स्वयं’वर उपलब्ध झाले. तंत्रशिक्षणाची ओळख, व्यावसायिक नीती, संवादकौशल्य, अध्यापनाचे नियोजन, तंत्रज्ञानाधारित अध्ययन, मूल्यमापन, सर्जनशील समस्यापरिहार आणि संस्थेचे प्रशासन असा त्यांचा व्याप असून, १९६४ मध्ये वर्षभर वसतिगृहात राहून जे शिकावे लागे त्याचाच हा आजचा विस्तार म्हणता येईल. तंत्रज्ञानाचा घटक नियोजन आणि मूल्यमापन या दोहोंच्या मधोमध ठेवला आहे, ही मांडणी अर्थपूर्ण आहे. कारण उद्दिष्ट न ठरवता दाखवलेली चित्रफीत आणि मूल्यमापनाशी न जोडलेली ऑनलाइन प्रश्नमंजूषा या दोन्ही वर्गाचा वेळ खातात आणि पदरात काही पडत नाही.

महाराष्ट्रातही याच प्रश्नाला आयआयटी मुंबईने आपल्या पद्धतीने हात घातला होता. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने देशभरातील दूरस्थ केंद्रे जोडून एकाच वेळी हजारो अध्यापकांना प्रशिक्षण देण्याचा प्रकल्प तेथे राबवला गेला, तर शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या अभ्यासक सहाना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांनी विद्यार्थिकेंद्री ऑनलाइन अभ्यासक्रमाचे प्रारूप मांडले. त्या प्रारूपात चित्रफीत मध्येच थांबवून विद्यार्थ्याला विचार करायला लावणे, लगेच सराव देणे, पुढील अभ्यासाच्या वेगवेगळ्या वाटा मोकळ्या ठेवणे आणि सहाध्यायींशी चर्चा घडवणे यांना मध्यवर्ती स्थान आहे. हे प्रारूप अध्यापकांना शिकवणारे त्यांचे अभ्यासक्रम मुंबईत रचले गेले आणि एनपीटेलच्या जाळ्यातून देशभर पोहोचले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा देशभरातील अध्यापकांना काही दिवसांत पडद्यासमोर उभे राहावे लागले. ज्या महाविद्यालयांत स्थानिक शाखा आधीपासून रुजलेल्या होत्या तेथील अध्यापकांना ऑनलाइन स्वाध्याय आणि चर्चापीठ यांची सवय होती. इतरत्र बहुतेकांनी वर्गातील तासच जसाच्या तसा संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर घेतला. त्याच वर्षी ३० जून रोजी आयआयटी मद्रासने प्रोग्रॅमिंग आणि विदा-विज्ञान या विषयांतील ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जाहीर केला आणि परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष घेण्याचा एनपीटेलचा दंडक त्यातही पाळला. टाळेबंदीनंतर वर्ग भरू लागले तेव्हा ‘फ्लिप्ड क्लासरूम’ या पद्धतीची चर्चा वाढली. तीत व्याख्यान विद्यार्थ्याने घरी पाहून यायचे असते आणि वर्गाचा वेळ उदाहरणे सोडवणे, शंका आणि चर्चा यांना दिला जातो. तयार व्याख्यानांचा एवढा मोठा साठा हाताशी असताना ही पद्धत भारतीय अभियांत्रिकी वर्गाला सहज पेलण्यासारखी आहे, परंतु तिच्यासाठी अध्यापकाची तयारी नेहमीच्या व्याख्यानापेक्षा जास्त लागते.

भाषेचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले आणि एनपीटेलच्या इंग्रजी व्याख्यानांच्या संहिता मराठी, तमिळ, हिंदी आदी भाषांत आणण्याचे काम हाती घेण्यात आले. यंत्रानुवादाने कामाचा वेग वाढला असला तरी ‘स्ट्रेस’, ‘स्ट्रेन’, ‘लोड’ यांसारख्या संज्ञा एका विषयात एकाच अर्थाने राखण्यासाठी विषय शिकवणाऱ्या व्यक्तीचीच नजर लागते. तमिळ माध्यमातून तंत्रनिकेतनात आलेला विद्यार्थी आणि मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी यांची अडचण सारखीच असल्यामुळे, दोन्ही भाषांतील अध्यापकांनी तयार केलेल्या शब्दसूची आणि सोडवलेली उदाहरणे परस्परांना उपलब्ध करून देणे हे येत्या काळातील मोठे काम आहे.

एक गोष्ट अद्याप नियमांत पुरेशी उतरलेली नाही. मार्गदर्शक म्हणून काम करणाऱ्या, चित्रफितींना पूरक प्रश्न रचणाऱ्या, ऑनलाइन स्वाध्याय तपासून वर्गात त्यावर बोलणाऱ्या अध्यापकाचा हा वेळ त्याच्या साप्ताहिक कार्यभारात बहुतेक ठिकाणी धरला जात नाही. वेळापत्रकात तास मोजला जातो तो फळ्यासमोर उभे राहण्याचाच. विद्यार्थ्याच्या ऑनलाइन अभ्यासाला श्रेयांक आणि अध्यापकाच्या ऑनलाइन अभ्यासाला विकास-कार्यक्रमाचा दर्जा मिळवून देण्यात चेन्नईच्या दोन्ही संस्थांचा वाटा मोठा आहे. कार्यभाराच्या निकषांत मार्गदर्शनाच्या तासांना स्थान मिळवून देण्यासाठी लागणारा अनुभवही, महाविद्यालयामहाविद्यालयांतील स्थानिक शाखांच्या रूपाने, त्यांच्याचकडे जमा आहे.